शेवंतीच्या पानावरची रेघ

घरी आल्यावर बसवंतराव इंगळे पानाकडे बघत नसत. हा त्यांचा नियम होता, आणि एकोणतीस वर्षांत तो त्यांनी मोडला नव्हता. दारातून आत आले की गळ्यातलं भिंग काढायचं, चौकटीच्या खिळ्याला अडकवायचं, आणि मग उद्या सकाळपर्यंत जगात पान म्हणून काही नाही. परसात काय लावलंय, तुळस फुटली की वाळली, याची त्यांना खबर नसे. भाजीतली कोथिंबीर त्यांची धाकटी बहीण सकवारबाई आधीच वेचून ठेवी. कारण एकदा एका लग्नात यांच्यासमोर रिकामं केळीचं पान आलं, तर यांनी ते उलटं करून उजेडाला धरलं होतं. सगळी पंगत भात सोडून यांच्याकडे बघत बसली होती.

नोकरीच तशी होती. परदेशातून विमानाने रोपं, कलमं, बियाणं आलं की खोकं फोडायचं आणि त्यातून फुकट प्रवास करून कोण आलंय ते शोधायचं. अळी, अंडी, बुरशी. सापडलं तर माल जाळायचा. आपल्याकडे जी कीड नाही ती आपल्या शेतात शिरू द्यायची नाही, एवढंच काम. पण हे काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. वाकून वाकून कंबर गेली, एक डोळा मिटून मिटून कपाळाच्या डाव्या बाजूला कायमची घडी पडली. सकवारबाई शेजारणींना सांगत, "आमचा अण्णा दिवसभर पानं उलटी करतो आणि संध्याकाळी स्वतः उलटा पडतो."

डिसेंबरअखेर निवृत्ती होती. चौऱ्याण्णव साल संपायचं आणि यांचं भिंगही.

त्या वर्षी बंगळूरला फुलांचं वेड लागलं होतं. होसूर रोडवर बोम्मसंद्रा ओलांडलं की कारखान्यांच्या मधूनमधून जाळीची आणि प्लॅस्टिकची घरं उभी राहिली होती, आणि त्यांत हॉलंडची फुलं. त्यातल्याच एका कंपनीने शेवंतीची तीन हजार रोपं मागवली होती. कायदा असा, की ही रोपं तीन महिने दुहेरी जाळीच्या बंद शेडमध्ये ठेवायची. दर पंधरवड्याला बसवंतरावांनी जाऊन पानं बघायची. सहा वेळा शेड निर्मळ निघाली तर सही, आणि मग ती रोपं आसपासच्या चाळीस शेतकऱ्यांच्या वाफ्यांत जायची. पाच तपासण्या झाल्या होत्या. पाचही निर्मळ. सहावी येत्या शुक्रवारी होती.

त्याच शेडमध्ये सकवारबाई कामाला होत्या. घराजवळच्या, शिवाजीनगरच्या स्टँडवरून सकाळी कंपनीची व्हॅन बायकांना घेऊन जाई. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं, "तुझ्या घरी राहीन, तुझ्यावर राहणार नाही." कंपनीचा मॅनेजर अजित हा पुण्याचा मुलगा. तो हलक्या हाताच्या बायका शोधत होता, आणि बसवंतरावांच्या तोंडून बहिणीचं नाव निघून गेलं. नंतर त्यांना ते खटकलं. आपण जिथे तपासायला जातो तिथे आपली बहीण कामाला. पण खटकलेलं बोलून दाखवायला जोर लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता.

गुरुवारी नागपंचमी होती.

बंगळूरकडची रीत अशी, की त्या दिवशी बहीण भावाला पाटावर पाठमोरा बसवते, फुलाचा तुरा दुधात बुडवते आणि त्याच्या उघड्या पाठीवरून फिरवते. मग तो तुरा भावाच्या हातात देते, त्याने तो डोळ्यांना लावायचा. दरवर्षी तुरा केवड्याचा असे. बसवंतराव पाटावर बसले, थंडगार दूध पाठीवरून कमरेपर्यंत ओघळलं, आणि सकवारबाईंनी मागून तुरा पुढे केला.

"घे. लाव डोळ्यांना."

त्यांनी लावला. आणि लावता लावता एकोणतीस वर्षांचा नियम मोडला.

तुरा केवड्याचा नव्हता. शेवंतीचा शेंडा होता, पाच पानांचा. त्यातल्या एका पानावर पांढरी बारीक रेघ होती. देठापासून निघून, वळसे घेत, स्वतःलाच ओलांडत पानाच्या टोकाशी गेलेली.

"सकवार, हे कुठलं?"

"शेवंतीचं."

"शेवंतीचं कळतंय की. कुठलं?"

"परसातलं. उठू नको, अजून आरती राहिलीय."

"पानावर हे काय आहे?"

"नाग," सकवारबाई म्हणाल्या. मीठ कुठे आहे विचारल्यावर सांगावं तसं.

बसवंतराव पाटावरून उठले. पाठीवर दूध तसंच.

"भिंग आण."

"आज सुट्टी आहे तुला."

"भिंग आण, सकवार."

त्यांनी खिडकीत जाऊन पान उजेडाला धरलं. रेघ एका टोकाला दोऱ्याएवढी, दुसऱ्या टोकाला जरा रुंद. रुंद टोकाशी पिवळसर असं काहीतरी होतं, तांदळाच्या कणीच्या पावपट. बसवंतराव श्वास धरून बघत राहिले. ते हललं.

सकवारबाई मागे निरांजन घेऊन उभ्या होत्या. भावाकडून कौतुक करून घ्यायच्या बेतात होत्या. "दिसला ना? मला वाटलंच होतं तुला आवडेल. शेडात पहिल्यांदा मलाच दिसला. महिना-सव्वा महिना झाला असेल. बाकीच्या म्हणाल्या, पान खराब झालंय. मी म्हटलं, खराब? बघा की नीट. फणा आहे, शेपूट आहे. आषाढात येऊन बसलाय, पंचमीला मुक्काम करायला."

"आणि मग?"

"मग काय, आधी रोज दोन-चार, मग ओंजळभर पानं निघायला लागली. आम्ही खुडून पदरात घ्यायचो, देवापुढं ठेवायचो."

"रोज खुडायचा?"

"रोज. आणि तू यायच्या आदल्या दिवशी तर एकूण एक शोधून खुडायचो."

बसवंतरावांनी भिंग खाली केलं. "मी यायच्या आदल्या दिवशी का?"

"अरे, तू पानं उलटी करतोस, फाडतोस, बाटलीत घालतोस. नागाला दुखवून दोष तुलाच लागला असता. मी सगळ्यांना बजावलं होतं, अण्णाच्या दृष्टीला पडू द्यायचं नाही."

गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखालच्या नागरकट्ट्यावर बायकांची गर्दी होती, दगडी नागांवर दूध ओतल्याचा आणि घंटेचा आवाज येत होता. पाच निर्मळ तपासण्या बसवंतरावांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या. आणखी एक गोष्टही गेली. शेडमध्ये पिवळ्या चिकट पाट्या टांगलेल्या असतात, उडणारी माशी त्यांवर चिकटते. मागच्या दोन्ही खेपांना त्या पाट्या नव्या कोऱ्या होत्या, डिंक चमकत होता. त्यांनी ते बघितलं होतं. बघून मनाशी म्हटलं होतं, विचारावं का? आणि कंबर दुखत होती म्हणून विचारलं नव्हतं.

"इकडं ये," ते म्हणाले. "एक डोळा मीट. भिंग डोळ्याजवळ ने, मग पान भिंगाजवळ आण. रेघ जिथं रुंद आहे तिथं बघ."

सकवारबाईंनी निरांजन खाली ठेवलं. खूप वेळ बघितलं.

"हे वळवळतंय काय?"

"अळी. माशी पानात अंडं घालते, अळी आतल्या आत खात पुढं सरकते. खाल्लेल्या वाटेची रेघ दिसते. शेवंती संपली की टोमॅटो, घेवडा, काकडी, काय वाट्टेल ते. ही आपल्याकडची नाही."

"नाग नाही?"

"नाही."

सकवारबाईंनी भिंग परत दिलं. खाली ठेवलेल्या निरांजनाकडे बघत म्हणाल्या, "मग मी तुझ्या पाठीला काय लावलं?"

बसवंतरावांनी भिंग गळ्यात अडकवलं. ते परसात गेले. धुण्याच्या दगडामागे, जिथे ते गेल्या कित्येक वर्षांत गेले नव्हते, तिथे एका तेलाच्या डब्यात शेवंती तरारून आली होती.

"रोप फुटावं म्हणून खुडलेले शेंडे खड्ड्यात टाकायचा नियम आहे ना तिथं?"

"आहे. पण हिरवा जिवंत शेंडा खड्ड्यात टाकवतो काय? ओच्यात घालून आणले, लावले."

"किती?"

"अकरा."

"इथं एकच डबा आहे."

"बाकीचे दिले," सकवारबाई खाली बघत म्हणाल्या. "गल्लीत. पंचमीसाठी."

मग त्या एकदम खाली बसल्या, धुण्याच्या दगडावरच. हिशेब त्यांनाही सुटला होता. शेड जळणार. तिथलं काम जाणार, आणि नुसतं आपलंच नाही, सात बायकांचं. अण्णाने नाव सांगितलं म्हणून आपण तिथे गेलो, हे कागदावर येणार. डिसेंबरला चार महिने असताना अण्णाची चौकशी बसणार.

"अण्णा, तू सांगितलं नाहीस तर?"

"तर उद्या सही करायची. परवा रोपं चाळीस शेतांत."

"आणि सांगितलंस तर?"

"आत्ता तू जे मनात मोजलंस ते."

आरती तशीच राहून गेली.

*

आधी डबे. बसवंतराव अंगात सदरा घालून निघाले आणि पहिल्याच दारात अडले. राजलक्ष्मी गल्लीतली वडीलधारी बाई, यांच्याच नात्यागोत्यातली. डब्याला हळदीकुंकू लावून, रांगोळी घालून तिने तो उंबऱ्याशी ठेवला होता.

"डबा न्यायला आलात? आज? पंचमीला?"

"त्यात कीड आहे, अक्का. जाळायला पाहिजे."

"आज चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आणि तुम्ही नाग जाळायला निघालात?"

"नाग नाही तो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंगातून बघितलं."

"भिंगातून देव दिसतो काय?" राजलक्ष्मीने डब्यासमोर पाय घट्ट रोवले. "दारात आलेल्या देवाला तुमच्या हपिसाचा शिक्का लागतो काय बसवंतराव?"

शेजारच्या दोघीतिघी जमल्या. बसवंतरावांनी समजावून सांगितलं, माशी, अंडं, अळी. जितकं सांगत गेले तितक्या बायका त्यांच्याकडे दयेने बघू लागल्या. कामाने माणूस असा होतो, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

तेवढ्यात सकवारबाई आल्या. भावाच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना बाजूला केलं. "तुझं भिंग तुझ्याकडं ठेव. स्वल्प गप्प उभा राहा." मग राजलक्ष्मीला म्हणाल्या, "अक्का, नाग आपल्या आवारात मेला तर काय करतात?"

"संस्कार. तूप, चंदन, नाणं घालून दहन करतात. तसाच टाकत नाहीत."

"ह्या पानातला मेलाय किंवा मरायला टेकलाय. पान वाळत चाललंय, बघ. आज नको हात लावायला, सरी, कबूल. आज सगळे डबे आमच्या परसात आणून ठेवा. उद्या पहाटे दहन करू, रीतसर."

"आणि हे म्हणतात ती कीड असली तर?"

"नाग असला तर संस्कार होईल," सकवारबाई म्हणाल्या, "कीड असली तर कीड जळेल. दोन्हींत तुझं काय जातं?"

राजलक्ष्मीने विचार केला. पाय काढला.

दुपारपर्यंत एकेक डबा आला. कुणी तो डोक्यावरून आणला, कुणी ओटीत धरून. बसवंतरावांनी घरातली मच्छरदाणी काढून परसात चार काठ्यांवर ताणली, कडांवर विटा ठेवल्या, की एकही माशी बाहेर पडू नये. मग खाली बसून मोजले. दहा.

"अकरावा?"

सकवारबाईंनी राजलक्ष्मीकडे बघितलं. राजलक्ष्मी पदराशी चाळा करत म्हणाली, "माझ्यासाठी दोन घेतले होते. एक सौम्याला दिला. रविवारी आली होती ना लेक, सासरी पूजेला घेऊन गेली."

"सौम्याचं सासर कुठं?"

"मालूरला."

"शेती आहे?"

"आहे की," राजलक्ष्मी अभिमानाने म्हणाली. "दोन एकर नुसता टोमॅटो."

*

शुक्रवारी पहाटे परसात दहन झालं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते, कुणी तूप सोडलं, राजलक्ष्मीने तांब्याचं नाणं टाकलं. शेवंती ओली होती, धूर फार झाला. बसवंतराव काठीने ढिगारा हलवत होते, मधला डबा नीट जळतोय का बघत होते. बायकांना वाटलं, ते मंत्र पुटपुटताहेत. ते पानं मोजत होते.

नऊ वाजता ते शेडवर पोचले. अजित दारातच उभा होता, हातात फाइल.

"काका, आज फायनल ना? शेतकरी कालपासून फोन करून करून डोकं खातायत, बेड्स रेडी करून बसलेत सगळे."

"आधी बघू दे."

"बघा की. पाच वेळा क्लीन आहे, सहाव्यांदा काय वेगळं असणार?"

बसवंतराव आत गेले. पण या खेपेला त्यांनी पानं बघितली नाहीत. खोडं बघितली. प्रत्येक ओळीत कित्येक रोपांच्या खोडांवर, खालून दोन बोटं वर, पान खुडल्याच्या खुणा होत्या. एका रोपावर तीन, दुसऱ्यावर पाच. काही ताज्या, काही वाळलेल्या. पाच खेपा ते जे आहे ते तपासत होते. जे नाही ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी वर बघितलं. पिवळ्या पाट्या कोऱ्या होत्या.

"अजित, ह्या पाट्या कधी बदलल्या?"

"काल. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आम्ही फ्रेश लावतो. नीट दिसावं म्हणून."

"जुन्या?"

"शेडमागे पडल्या असतील. का?"

जुनी पाटी शेडमागच्या कचऱ्यात सापडली. बसवंतरावांनी ती भिंगाखाली धरून अजितला दिली. मिरीच्या चतकोराएवढ्या, काळ्या-पिवळ्या माश्या. एका पाटीवर चाळीसच्या वर. अजितने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्याला माश्या ओळखता येत नव्हत्या, पण म्हाताऱ्याचा चेहरा वाचता येत होता.

"स्प्रे मारू," तो म्हणाला. "आजच. डबल डोस."

"अळी पानाच्या आत आहे. तिला तुझं औषध पोचत नाही."

"मग अफेक्टेड रोपं काढू. शंभर, दोनशे. बाकीची सोडू."

"कुठली शंभर? सांग, मी खूण करतो."

अजित उलट्या घातलेल्या क्रेटवर बसला. तो एकोणतीस वर्षांचा होता, जेवढी यांची नोकरी तेवढाच. गेले तीन महिने तो या शेडमागच्या खोलीत खाटेवर झोपत होता, हे बसवंतरावांना माहीत होतं.

"काका, खरं सांगू? हे आत्ता कुणाला माहितीये? तुम्हाला आणि मला."

"आणि माझ्या बहिणीला. आणि शिवाजीनगरात दहा बायकांना. त्यांनी आज पहाटे तुझ्या शेवंतीचे अंत्यसंस्कार केले."

अजितला हसू आलं, मग ते गेलं. "तुमच्या बहिणीचं नाव येईल यात. तुमचंही. डिसेंबरमध्ये रिटायर होताय ना? मग कशाला? चार महिने, काका. नंतर कुणी विचारणार पण नाही ही माशी कुठून आली."

बसवंतराव शेजारच्या क्रेटवर टेकले. बसताना गुडघे वाजले. "अरे, मला आता नाही म्हणायचासुद्धा कंटाळा आलाय. तू म्हणतोस ते सोपं आहे, मला कळतंय. पण मी घरी पान बघत नाही. तो एकच आराम आहे मला. आज सही केली तर उद्यापासून बाजारातल्या प्रत्येक जुडीकडं, रस्त्यातल्या प्रत्येक वेलाकडं बघत बसावं लागेल, आली का म्हणून. डिसेंबरनंतरही. मरेपर्यंत. मला नको ते."

अजितने हातातली फाइल मिटून क्रेटवर ठेवली. मग उठून त्याने आतल्या माणसाला हाक मारली आणि डिझेल किती आहे ते विचारलं.

तीन हजार रोपं मुळासकट उपटून, प्लॅस्टिकमध्ये बांधून खड्ड्यात जाळायला दिवस गेला. सात बायकांनीच ती उपटली. त्यांतल्या एकीने सकवारबाईंना विचारलं, "मग अक्का, तो नाग नव्हताच?" सकवारबाई म्हणाल्या, "अण्णाने दाखवलं. मी बघितलं." संध्याकाळी बायका व्हॅनमध्ये बसत असताना अजितने त्यांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका, कळवतो.

बसवंतराव ऑफिसात न जाता घरीच आले आणि ओसरीवर अहवाल लिहायला बसले. पहिल्या रकान्यात कीड. दुसऱ्यात, तपासणीत चूक कशी झाली. त्यांनी खुडलेल्या पानांचं लिहिलं, कोऱ्या पाट्यांचं लिहिलं, त्या दोनदा बघूनही विचारलं नाही हे लिहिलं. कामगारांतली एक आपली सख्खी बहीण आहे आणि तिचं नाव आपणच सुचवलं, तेही लिहिलं. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"काय अडलं?" सकवारबाईंनी चहा ठेवत विचारलं.

"कीड प्रथम कुठं आढळली, ते विचारतायत."

"मग लिही की."

"घरचा पत्ता लिहू?"

"पत्ता कशाला?" त्या आत जात म्हणाल्या. "पाठीवर लिही."

त्यांनी पत्ता लिहिला.

*

शनिवारी सकाळी मालूरच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली होती. बसवंतराव एकटेच निघाले होते. सकवारबाईंनी चप्पल घातली आणि म्हणाल्या, "तू जाऊन काय करणार? अळी, अंडं, माशी सांगशील आणि त्यांच्याकडचं ताक पिऊन परत येशील. डबा मी दिलाय, मीच मागणार."

सौम्याचं घर शेतातच होतं. अंगणात, टोमॅटोच्या पहिल्या ओळीपासून दहा पावलांवर, अकरावा डबा. त्याला मोत्यांची माळ घातलेली. सौम्या पोटुशी होती. एक हात कमरेवर ठेवून ती दारात आली आणि या दोघांना बघून तिचा चेहरा फुलला.

"सकवारक्का, आणि मामा! आईनं काय पाठवलंय?"

"पाठवलं काही नाही, न्यायला आलेय," सकवारबाई म्हणाल्या. "तुला मी चुकीचा नाग दिला, पोरी. बस, सांगते."

त्यांनी सांगितलं. या खेपेला संस्कार, दहन काही नाही. डब्यातलं एक पान तोडलं, सौम्याच्या हातात भिंग दिलं आणि म्हणाल्या, "एक डोळा मीट." सौम्याने बघितलं, शहारली, आणि स्वतःच डब्यावरची माळ काढून घेतली. डबा बसवंतरावांनी आणलेल्या पिशवीत गेला, पिशवीचं तोंड सुतळीने आवळलं.

मग ते टोमॅटोत शिरले. पहिल्या ओळीच्या पहिल्या झाडाशी वाकले. खालची पानं, मधली पानं, उजेडाला धरून. दुसरं झाड. तिसरं. ऊन वर आलं. सकवारबाई बांधावर बसून बघत होत्या. त्यांनी भावाला काम करताना कधी बघितलं नव्हतं. शेडमध्ये तो आला की त्या मुद्दाम दुसऱ्या टोकाला जात. तो असा वाकतो, असा दर चौथ्या झाडाला कमरेवर हात ठेवून थांबतो, आणि पुन्हा वाकतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिली ओळ संपली. बसवंतराव बांधापाशी आले.

"आहे?"

"दिसत नाही."

"म्हणजे नाही ना?"

"म्हणजे दिसत नाही," ते म्हणाले, आणि सौम्याने आणून ठेवलेल्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्याले. "डबा इथं सहा दिवस होता. माशी उडाली असेल, नसेल. अंडं असेल तर ते भिंगालासुद्धा कळायला अजून चार दिवस जातील. परत यावं लागेल."

"किती वेळा?"

"बघू. डिसेंबरपर्यंत तरी."

"आणि डिसेंबरनंतर?"

बसवंतरावांनी पुढच्या ओळींकडे बघितलं. अजून चाळीस ओळी होत्या. परतीची बस दीडला होती, आणि ती मिळणार नव्हती हे दोघांनाही दिसत होतं.

सकवारबाई उठल्या. पदर कमरेला खोचला. त्यांनी भावाच्या गळ्यातलं भिंग काढून घेतलं, दोरी आपल्या गळ्यात घातली.

"तू बस स्वल्प. ही ओळ मी बघते."

"पान फाडू नको," बसवंतराव म्हणाले. "आणि दिसलं तर खुडू नको. मला हाक मार."

"मारते." त्या दुसऱ्या ओळीच्या पहिल्या झाडाशी वाकल्या, एक डोळा मिटला, आणि खालचं पान हलक्या हाताने उलटं केलं.